‘हार्वेस्ट’ म्हणजे दर वेळी ‘कापणी’ नव्हे

शेतीवरचा इंग्रजी मजकूर मराठीत आणताना ‘हार्वेस्ट’ दिसलं की हात आपोआप ‘कापणी’ टाइप करतो. तिथं थांबा, आधी पीक कोणतं ते बघा. परभणीच्या शेतकऱ्यापुढं ‘कापसाची कापणी’ म्हणालात तर तो हसेल. बोंडातला कापूस बोटांनी वेचतात, म्हणून वेचणी. बीडचे मजूर उसाच्या फडात जातात ते तोडणीला. कोयत्यानं कापत असले तरी शब्द तोडणीच. ‘ऊसतोड’ त्यातूनच आलं. जालन्याची मोसंबीही तोडतात, पण आंबे उतरवतात, कारण खाली आदळलेला आंबा सडतो. भुईमूग उपटायचा. वसमतची हळद जमिनीतून काढायची. सोयाबीनला मात्र कापणी खुशाल लिहा.

ज्वारीचं काम दोन टप्प्यांत चालतं: आधी ताटं काढायची, मग कणसं मोडायची. इंग्रजीत दोन्हींना एकच क्रियापद असेल, तर वाक्य कोणत्या टप्प्याबद्दल आहे ते पाहून शब्द निवडा.

अगदीच अडलात तर ‘काढणी’ लिहा, बहुतेक पिकांना चालतं. कापसाला तेही खटकतंच.