शेवरोले सी-१० ला एअर बॅग बसवताना

अमेरिकेत जुना पिकअप जमिनीला टेकवायचा म्हटलं की १९६७ ते १९७२ मधल्या शेवरोले सी-१० चं नाव हमखास निघतं. या गाडीला बहुतेक वेळा पुढे-मागे चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग असते. स्प्रिंग निघाली की त्याच जागी बॅग येते. त्याच काळातल्या जीएमसी या जुळ्या पिकअपला मात्र मागे बरेचदा पाटे (लीफ स्प्रिंग) असतात, आणि काही शेवरोलेलाही. त्यामुळे गाडी घेण्याआधी खाली वाकून बघा. पाटे असतील तर मागचं अख्खं काम बदलतं, फोर-लिंक (अॅक्सल धरून ठेवणारे चार दांडे) बनवावी लागते. इथे कॉइलवाल्या गाडीचंच बोलू. आणि बॅग म्हणजे शिवनेरी बसच्या खाली असतात तसले रबरी बेलो: हवा भरली की गाडी वर, सोडली की खाली. अपघातात फुगतात त्या बॅगांशी यांचा संबंध नाही.

बॅग बसवायला तास-दोन तास पुरतात. वेळ खातं ते तिच्याभोवती जागा करणं. म्हणून वेल्डिंग मशीनला हात लावण्याआधी गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, स्प्रिंगा काढा, गाडीला घालायची तीच चाकं लावा आणि जॅकने सस्पेन्शन पूर्ण वर, पूर्ण खाली करून काय कुठे अडतं ते खडूने मारून ठेवा. पुढची स्प्रिंग काढताना ती साखळीने बांधा, खालच्या आर्मला जॅकचा आधार द्या आणि जॅक हळूहळू सोडा. दबलेली स्प्रिंग निसटली तर हात जाईल.

बॅटरीची तार काढाच, पण त्याहून मोठा धोका पेट्रोलचा. या मॉडेलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असते आणि तिची नळी चासीवरून इंजिनकडे जाते. टाकी रिकामी करून बाहेर काढल्याशिवाय ग्राइंडर चालवू नका. मागच्या ब्रेकची नळीही चासीलगतच असते, ती बाजूला घ्या.

आता मागची बाजू. गाडी खाली बसली की हाउसिंग (मागच्या अॅक्सलचं आवरण) चासीला आपटतं, म्हणून हाउसिंगच्या वर चासीला सी-नॉच, म्हणजे सी-आकाराची खाच, कापावा लागतो. चासी सपाट, नॉचच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे टेकलेली असू द्या. एका वेळी एकच बाजू कापा, तीत ६ मिमी जाडीची प्लेट पूर्ण बसवा आणि मगच दुसरीकडे वळा. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर चासी वाकते आणि पुढे अलाइनमेंट कधीच जमत नाही. बोल्टने बसणारा तयार नॉचही मिळतो, तो ग्रेड ८ च्या अर्ध्या इंची बोल्टांनी आवळायचा. मालवाहू भागाची लाकडी फळी शाबूत ठेवायची असेल तर याच्याहून उंच नॉचच्या नादी लागू नये.

बॅग हाउसिंगवर ठेवायची की त्याच्या पुढे, ट्रेलिंग आर्मवर (हाउसिंगला पुढे चासीशी जोडणाऱ्या लांब दांड्यावर)? समजा पिव्हटपासून (आर्म चासीला जिथे फिरतो तिथून) हाउसिंगपर्यंत आर्म ५० इंच आहे आणि बॅग हाउसिंगच्या ५ इंच पुढे आहे. मग बॅगवर सुमारे ११ टक्के जास्त भार येतो, बदल्यात चाकाला बॅगपेक्षा थोडी जास्त चाल मिळते. एवढं चालतं. बॅग आणखी पुढे सरकवली की दाब आणखी वाढवावा लागतो. मूळचा पॅनहार्ड रॉड (हाउसिंग डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा) आखूड आहे. गाडी वर-खाली झाली की तो हाउसिंगला एका बाजूला ओढतो आणि टायर मडगार्डला घासतो. लांब, अॅडजस्टेबल रॉड घाला आणि चालवण्याच्या उंचीवर तो आडवा राहील असा लावा.

पुढे स्प्रिंगच्या खोबणीत वरची प्लेट आणि खालच्या आर्मवर कप येतो. फुगलेली बॅग स्प्रिंगपेक्षा रुंद असते. खोबणीची कड कापून, घासून गोल करा आणि शॉकअप बाहेरच्या बाजूला नव्या ब्रॅकेटवर हलवा. बॅगमध्ये १०० पीएसआय हवा भरून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा; बॅगभोवती कुठेही किमान अर्धा इंच मोकळं राहिलं पाहिजे. घासणारी बॅग कधी ना कधी फुटणारच. शिवाय बॅग हा थांबा नव्हे: खाली बंप स्टॉपने थांबवायचं, वर शॉकअपच्या लांबीने. अडीच इंची ड्रॉप स्पिंडल (चाकाची बैठक तेवढी वर घेतलेले स्पिंडल) घातले तर आर्म फार तिरके न होता गाडी खाली येते. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, इथे नको.

हवेसाठी पाच गॅलनची टाकी, १२ व्होल्टचा २०० पीएसआयचा कॉम्प्रेसर (दोन असले तर उत्तम), प्रेशर स्विच, आणि चार बॅगांना भरायचा-सोडायचा मिळून आठ व्हॉल्व्ह. चार बॅगांच्या चार स्वतंत्र लाइन टाका. डावी-उजवी लाइन टी-जोडाने एकत्र केली तर वळणावर बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बॅगेत पळते आणि गाडी कलंडल्यासारखी झुकते. रोजच्या वापराला ३/८ इंची नायलॉन नळी पुरे. ती नळी-कटरनेच सरळ कापा. तिरक्या कापलेल्या टोकाची फिटिंग गळते. टेफ्लॉन टेप लावलीत तर पहिले दोन आटे मोकळे सोडा, नाहीतर टेपचा तुकडा व्हॉल्व्हमध्ये अडकतो. कॉम्प्रेसरची स्टीलची जाळीदार नळी काढून तिथे प्लास्टिकची लावू नका. तिथली हवा तापलेली असते. सायलेन्सरपासून लाइन हातभर लांब ठेवा. कॉम्प्रेसरला रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. एकेक कॉम्प्रेसर १५-२० अँपिअर सहज ओढतो. टाकीच्या तळाला ड्रेन कॉक ठेवा आणि पाणी काढत राहा. थंडीत व्हॉल्व्ह गोठतात ते याच पाण्याने.

चाचणी साबणाच्या पाण्याने, प्रत्येक जोडावर. मग गाडी रात्रभर उभी करा. एक कोपरा खाली बसला तर बॅग, फिटिंग किंवा सोडायचा व्हॉल्व्ह गळतोय. उलट एखादा कोपरा सकाळी वर चढलेला दिसला तर त्याच्या भरायच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे, टाकीची हवा त्यातून झिरपतेय.

ब्रेकच्या रबरी नळ्या पूर्ण उंचीवर ताणत नाहीत ना, आणि प्रोपेलर शाफ्ट पूर्ण खाली बसल्यावर घासत नाही ना, हे शेवटी पुन्हा बघा. मग चालवण्याची उंची ठरवा: शॉकअप चालीच्या मध्यावर, हाउसिंग आणि नॉचमध्ये तीन-चार इंच. या उंचीला १०० पीएसआयहून जास्त दाब लागत असेल तर बॅग लहान आहे किंवा चुकीच्या जागी आहे. अलाइनमेंट याच उंचीवर करून घ्या आणि तिथला गेजचा आकडा डॅशबोर्डवर लिहून ठेवा.