घरातल्या फौजीचं लिहून ठेवायचं तर आधी ट्रंक उघडा

बाबा १९७१ च्या लढाईत होते. त्यांच्यामागे आम्ही नागपुरातल्या इंदोऱ्याच्या घरी त्यांची ट्रंक उघडली, तेव्हापासून शेजारपाजारचे विचारतात, सुरुवात कुठून करायची? डिस्चार्ज बुकापासून. आर्मी नंबर, पलटण, भरतीची तारीख, मेडलं, सगळं त्यात असतं. बुक हरवलं असेल तर मेडलची कड पाहा. नंबर आणि नाव तिथे कोरलेलं असतं. म्हणून मेडलं ब्रासोने घासू नका, अक्षरं झिजतात.

‘पूर्वी स्टार’ हे मेडल म्हणजे १९७१ ची पूर्व आघाडी, ‘पश्चिमी स्टार’ म्हणजे पश्चिमेची. १९६५ चं रक्षा मेडल मात्र तेव्हा सेवेत असलेल्या बहुतेकांना मिळालं, त्यावरून आघाडी ठरवू नका. त्यासाठी समर सेवा स्टार शोधा. जुनी आंतरदेशीय पत्रंही फेकू नका. जवानाच्या पत्त्यात गावाचं नाव नसायचं, पण ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) असेल तर पूर्वेकडे, ‘५६ एपीओ’ असेल तर पश्चिमेकडे, एवढा माग लागतो.

नंबर हाती आला की त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. महारचं सागरला, मराठाचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, आणि गार्ड्सचं आपल्या कामठीतच. नात्याचा पुरावा आणि पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, झेरॉक्स जोडा. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

पण कागदात माणूस सापडत नाही. तो माजी सैनिक संघटनेतल्या काकांकडे सापडतो. ७ डिसेंबरचा ध्वजदिन किंवा १६ डिसेंबरचा विजय दिवस साधून जा. त्या दिवशी जुनी मंडळी हमखास भेटतात. “काका, किती मारले?” हे कधीच विचारू नका. लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, काय मिळायचं, थंडीत अंगावर काय होतं, शेजारच्या मोर्चात, म्हणजे खंदकात, कोण होता, हे विचारा. बाबा रात्रपाळीत बारीक आवाजात भजनं म्हणायचे, हे मला त्यांच्या पलटणीतल्या काकांनी सांगितलं. घरात आम्ही ते कधी ऐकलं नव्हतं.

आणि आईला विसरू नका. मनीऑर्डर कधी यायची, पत्र कोण वाचून दाखवायचं, बातमी नसलेले दिवस तिने कसे काढले, तेही लढाईतच मोजा. माझ्या मते तर ते आधी लिहावं.

बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव म्हणा. ग्रुप फोटोच्या मागे पेन्सिलीने डावीकडून नावं लिहून घ्या, आणि एक प्रत संघटनेत द्या.