गृहीत बेसवरून झालेली शेताची मोजणी दुरुस्त कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत खाजगी मोजणीसाठी आता साखळीऐवजी उपग्रहावर चालणारा बेस (एका जागी स्थिर ठेवायचे यंत्र) आणि रोव्हर (मोजायच्या प्रत्येक बिंदूवर न्यायचे यंत्र) सर्रास वापरला जातो. जवळपास खात्रीचा नियंत्रण बिंदू, म्हणजे आधीच अचूक स्थान माहीत असलेली खूण, नसेल, तर मोजणीदार शिवाराच्या एखाद्या कोपऱ्यात ट्रायपॉड उभा करतो, यंत्राला दोन-तीन मिनिटे स्वतःचे स्थान ठरवू देतो आणि तेच स्थान खरे मानून काम सुरू करतो. असे गृहीत स्थान प्रत्यक्षापेक्षा काही मीटरांनी सरकलेले असते. मात्र बेसपासून रोव्हरपर्यंतचे अंतर सेंटिमीटरच्या अचूकतेने मिळत असल्यामुळे शेताचा आकार, बांधांची लांबी आणि क्षेत्रफळ बरोबरच येते. संपूर्ण शेत तेवढे नकाशावर चुकीच्या जागी पडते. म्हणून पुन्हा मोजणी करण्याची घाई करू नये.

सर्वप्रथम मूळ फाईलची प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवावी आणि प्रत्येक दिवशी बेसला कोणते कोऑर्डिनेट (स्थान सांगणारे आकडे) दिले होते, अँटेनाची उंची किती होती व ती सरळ मोजली की तिरकी, हे वेगवेगळे लिहून काढावे. हे मी आग्रहाने सांगतो, कारण उचगावच्या बाजूला एका भाताच्या शिवारात दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्यावर बेस उभा करूनही मी यंत्राला पुन्हा नव्याने स्थान घ्यायला लावले होते. संध्याकाळी नकाशा जोडला, तेव्हा दोन भावांच्या वाट्यांमधला एकच बांध दीड मीटर अंतराने दोनदा उमटला होता. खिळा एकच असला, तरी गृहीत स्थाने दोन होती आणि म्हणून दुरुस्त्याही दोन कराव्या लागल्या. तेव्हापासून आदल्या दिवशीचे निदान दोन दगड दुसऱ्या दिवशी मोजल्याशिवाय मी पुढे जात नाही.

त्यानंतर बेसच्या खुणेचे खरे स्थान मिळवावे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स सेवेवर (उपग्रहांची नोंद सतत घेणाऱ्या कायमच्या स्टेशनांचे जाळे) नोंदणी असेल आणि शिवारात मोबाईलला रेंज असेल, तर त्या सेवेची दुरुस्ती घेऊन रोव्हर थेट बेसच्या खिळ्यावर धरणे सर्वांत सोपे आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंजचा भरवसा नसतो. तिथे बेसची कच्ची नोंद दोन तास किंवा अधिक चालू ठेवावी आणि नंतर कॉर्स स्टेशनच्या त्याच वेळेच्या नोंदीबरोबर तिचे गणित करून घ्यावे. कोऑर्डिनेट माहीत असलेला बिंदू रोव्हरच्या टप्प्यात असल्यास तोच मोजून आलेला फरकही चालतो, पण दोन्हीकडे कोऑर्डिनेटची प्रणाली एकच असली पाहिजे. हा सारा पट्टा, आणि सीमेपलीकडचे चंदगड व कागलदेखील, यूटीएम या मीटरमधल्या जागतिक कोऑर्डिनेट प्रणालीच्या ४३ उत्तर विभागात येतात.

आता खऱ्यातून गृहीत वजा करावे. समजा, बेसचे गृहीत ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) ४४६५१२.३४८ आणि खरे ४४६५१०.९०६ आहे, तर फरक उणे १.४४२ मीटर. गृहीत नॉर्थिंग (उत्तरेकडचा आकडा) १७५२३०४.११७ आणि खरे १७५२३०६.२०४ असेल, तर फरक अधिक २.०८७ मीटर. हेच दोन आकडे त्या बेसवरून घेतलेल्या प्रत्येक बिंदूत मिळवायचे, म्हणजे ४४६५८७.२१५, १७५२२६१.५३० हा दगड ४४६५८५.७७३, १७५२२६३.६१७ इथे येतो. उंचीचा फरकही याच रीतीने काढावा. चिन्ह उलटे पडले, तर चूक दुरुस्त होण्याऐवजी दुप्पट होते, म्हणून एक बिंदू हाताने करून पाहावा. सॉफ्टवेअरमध्ये बेसचेच कोऑर्डिनेट बदलण्याची सोय असेल, तर ती वापरणे अधिक सुरक्षित.

टोटल स्टेशनवर (उपग्रहाविना कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) सुरुवातीचे कोऑर्डिनेट १०००, १००० असे मनाने धरून काम केले असेल, तर नुसते सरकवून भागत नाही, कारण तिथे उत्तर दिशाही बहुधा अंदाजानेच धरलेली असते. अशा वेळी शेताच्या दोन टोकांचे दोन बिंदू खऱ्या कोऑर्डिनेटसह मिळवावेत. त्या दोहोंना जोडणाऱ्या रेषेची गृहीत दिशा आणि खरी दिशा यांतला कोन काढून आधी सर्व बिंदू तेवढ्या कोनातून फिरवावेत आणि मग सरकवावेत. बिंदू जवळजवळचे घेतले, तर कोनातली लहानशी चूक दूरच्या बांधावर मोठी होऊन दिसते. पडताळ्यासाठी तिसरा बिंदू हवाच.

या पडताळ्यात आपल्याकडे एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. बेळगाव परिसराची उंची आणि यूटीएमचे प्रमाण यांमुळे जमिनीवरचे १०० मीटर अंतर कोऑर्डिनेटवरून काढल्यास सुमारे पाच सेंटिमीटर कमी भरते. ती मोजणीची चूक नव्हे. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने इथल्या जुन्या टिप्पणांतली (सरकारी मोजणीच्या मूळ नोंदी) मापे ३३ फुटी साखळीत आणि तिच्या सोळा आण्यांत असतात. एक साखळी म्हणजे १०.०६ मीटर आणि एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा. ही मापे जमिनीवरची असल्यामुळे त्यांच्याशी तुलना जमिनीवरच्या अंतराचीच करावी. टिप्पणातली बांधाची लांबी जुळत नसेल, तर बेस सरकवून ती कधीही जुळणार नाही. तिथे दगड हलला आहे, बांध कोरला गेला आहे किंवा आपण भलत्याच दगडावर रोव्हर धरला आहे.

दुरुस्त नकाशाच्या कोपऱ्यात बेसचे जुने व नवे कोऑर्डिनेट, दोन्हींतला फरक आणि तारीख लिहावी. हद्दीबद्दल वाद असेल, तर हा नकाशा जोडून तालुक्याच्या भूमापन कार्यालयात हद्द कायम करण्याचा अर्ज द्यावा. सर्व्हे नंबरातला काही हिस्साच विकायचा असेल, तर ११-ई नकाशा (त्या हिश्श्याचा सरकारी नकाशा) सरकारी मोजणीतूनच घ्यावा लागतो. आपला दुरुस्त नकाशा त्याची जागा घेऊ शकत नाही.