केस गळतायत? तेल आणायच्या आधी गळती कुठली ते ओळखा

आमच्या घरात एकाच वर्षी दोघांचे केस जात होते. मला ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला आणि दिवाळीच्या आसपास न्हाणीच्या जाळीवर केसांचा बोळा, कंगव्यात मूठभर, उशीवर, मळलेल्या कणकेत सुद्धा. धाकटा भाऊ तेव्हा २३ चा, त्याचं कपाळ दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकत होतं, पण त्याचे असे मूठमूठ गळत नव्हते म्हणून घरात कुणी लक्षच दिलं नाही. मी घाबरून तेलं, गोळ्या, सीरम सगळ्यावर पैसे घातले, माझे केस ५-६ महिन्यांत परत यायला लागले आणि ते बघून तो म्हणाला, "ताई तुझे आले ना, माझे पण येतील." माझे काही न करता सुद्धा आलेच असते. त्याचे वाट बघून येणाऱ्यातले नव्हते, आणि त्याची २ वर्षं त्या वाट बघण्यात गेली. ते मला अजून लागतं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण त्वचारोगतज्ज्ञांकडे आम्ही दोघांनी चकरा मारल्यात, प्रश्न विचारून विचारून समजून घेतलंय.

आधी केस कसा वाढतो ते बघा म्हणजे पुढचं सोपं जाईल. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. एक केस २ ते ६ वर्षं वाढतो, महिन्याला साधारण १ सेंटीमीटर, मग २-३ आठवडे वाढ थांबते, मग २-३ महिने तो मुळाशी नुसता बसून राहतो आणि गळतो, आणि त्याच मुळातून नवा येतो. त्यामुळे दिवसाला ५० ते १०० केस जाणं नॉर्मल आहे, आणि ज्या बायका आठवड्यातून दोनदाच डोक्यावरून न्हातात त्यांना ३-४ दिवसांचे एकदम दिसतात, ते बघून घाबरू नका.

आता ओळखायचं कसं. पहिला प्रश्न, अचानक सुरू झालं का हळूहळू? अचानक आणि सगळ्या डोक्यावरून गळत असतील तर कॅलेंडर काढा आणि ३ महिने मागे जा. मोठा ताप, डेंग्यू, टायफॉइड, कोविड, ऑपरेशन, बाळंतपण, जेवण तोडून झटपट वजन उतरवणं, घरातलं एखादं मोठं दुःख, यातलं काहीतरी सापडतं बहुतेक. शरीराला धक्का बसला की वाढणारे पुष्कळ केस एकदम त्या बसून राहण्याच्या टप्प्यात जातात आणि तो टप्पाच २-३ महिन्यांचा असल्याने गळती एवढी उशिरा दिसते, तोवर आपण ताप विसरलेले असतो आणि दोष शाम्पूला देतो. बाळंतपणाचं पण तसंच, गरोदरपणात केस जास्त काळ वाढत राहतात आणि नंतर २ ते ४ महिन्यांनी साठलेले एकदम जातात. आमची आजी म्हणायची बाळ ओळखायला लागलं की आईचे केस गळतात, वेळेच्या हिशोबात ती बरोबरच होती. या प्रकारात मूळ जिवंत असतं आणि गळती साधारण ६ महिन्यांत आपोआप थांबते. नीट जेवा, डाळी-उसळी, अंडी खात असाल तर अंडी, आणि धीर धरा. कपाळाजवळ बारीक बारीक उभे राहिलेले केस दिसायला लागले की समजा नवे येतायत.

६ महिन्यांनंतर पण थांबत नसेल, किंवा मागे काही कारणच सापडत नसेल तर रक्त तपासा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (साठ्यातलं लोह), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, व्हिटॅमिन डी एवढ्यापासून डॉक्टर साधारण सुरुवात करतात. यात फेरिटिन विसरू नका, कारण हिमोग्लोबिन ठीक येतं आणि साठ्यातलं लोह मात्र तळाला गेलेलं असतं, ज्यांना पाळीत जास्त रक्त जातं त्यांच्यात हे फार दिसतं आणि आपल्याकडच्या बायका ते वर्षानुवर्षं अंगावर काढतात. पाळी अनियमित, हनुवटीवर केस, पिंपल्स असं सगळं सोबत असेल तर पीसीओएसच्या, म्हणजे बायकांच्या हार्मोनच्या बिघाडाच्या दिशेने बघायला लागतं. आणि एक महत्त्वाचं, केसांसाठी बायोटिनच्या (एक बी व्हिटॅमिन) गोळ्या चालू असतील तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, बायोटिनमुळे थायरॉइडचे आणि हार्ट अटॅक बघायच्या ट्रोपोनिनचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१७ मध्येच तशी सूचना काढली होती. किती दिवस आधी बंद करायच्या ते डॉक्टर सांगतात.

आणि व्हिटॅमिनच आहे, काय होतंय, असं म्हणून गोळ्या खाऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडायला लागलं होतं, आठवत असेल. आधी सगळ्यांनी पाण्यावर संशय घेतला, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची टीम आली, आणि मग विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तपासणी करून रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त असल्याचं मांडलं. सेलेनियम म्हणजे तेच जे केस वाढवायच्या गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. थोडं लागतंच, पण जास्त झालं की तेच केस घालवतं, व्हिटॅमिन ए चं पण तसंच आहे. रिपोर्टमध्ये कमी आलं असेल तेच घ्या.

दुसरा प्रकार हळूहळूचा, माझ्या भावाचा. यात न्हाणीत काही दिसतच नाही. डीएचटी नावाचा हार्मोन असतो, ज्यांच्या मुळांना आनुवंशिकतेने तो सोसत नाही त्यांचा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो, असं होत होत त्या जागी लव उरते. पुरुषांत कपाळाचे कोपरे आणि शेंडीची जागा, बायकांत कपाळाची रेघ तशीच राहते पण भांग रुंद होत जातो. आईकडून येतं असं सगळे म्हणतात पण दोन्ही बाजूंनी येऊ शकतं. ओळखायला सगळ्यात सोपं म्हणजे ४-५ वर्षांपूर्वीचा लग्नकार्यातला फोटो काढा आणि शेजारी आजचा ठेवा. फरक दिसला तर इथे थांबू नका, कारण यातली औषधं आहेत ते केस वाचवण्यात हुशार आहेत, गुळगुळीत झालेल्या जागी केस आणण्यात नाहीत.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगते पण दुर्लक्ष करू नका. नाण्याएवढा गोल गुळगुळीत चट्टा म्हणजे चाई, यात शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर हल्ला करते, थोडी असेल तर डॉक्टर त्या जागी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, फार पसरली तर बॅरिसिटिनिबसारख्या नव्या गोळ्या आहेत पण त्या कडक देखरेखीखालीच. चाईला किडा लागला म्हणून लसूण चोळून कातडी भाजून घेतलेली माणसं मी बघितलीयत, ते कृपा करून करू नका. लहान मुलाच्या डोक्यात खपल्या, तुटके केस आणि खाज असेल तर ती बहुतेक बुरशी, त्याला पोटातून औषध लागतं, तेलाने जात नाही. रोज कचकचून पोनीटेल किंवा अंबाडा बांधणाऱ्यांचे कानशिलाजवळचे केस जातात, बांधणं सैल करा, लवकर केलंत तर येतात परत. आणि जिथे दुखतंय, जळजळतंय, पू येतोय, किंवा कातडी चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी झालीयत तिथे त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा, त्यात मूळ कायमचं मरतं.

आता उपचार. हळूहळूच्या गळतीत पहिलं नाव मिनॉक्सिडिल. हे मुळात ब्लडप्रेशरचं औषध, खाणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा लक्षात आलं, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत डोक्याला लावायचं म्हणून मान्यता मिळाली. पुरुषांना साधारण ५ टक्क्यांचं १ मिली दिवसातून दोनदा, बायकांचं प्रमाण डॉक्टर ठरवतात. कोरड्या डोक्यावर, केसांवर नाही तर कातडीवर, नंतर हात धुवायचे आणि ४ तास तरी डोकं भिजवायचं नाही. घरात मांजर असेल तर फार जपा, मांजरीला हे विषारी आहे, सांडलेला थेंब किंवा उशी चाटली तरी. पहिल्या २ ते ८ आठवड्यांत केस जास्त गळतात आणि बरेच जण इथेच घाबरून सोडतात, पण ते जुने केस नव्यांना जागा देतायत. फरक ४ ते ६ महिन्यांनी, आणि बंद केलं की काही महिन्यांत मिळालेलं सगळं जातं, म्हणजे वर्षानुवर्षं जमणार असेल तरच सुरू करा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी लावायचं नाही. हल्ली कमी डोसच्या गोळ्या पण देतात, पण त्यात पाय सुजणं, धडधड होऊ शकतं, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने नाही.

दुसरं फिनास्टेराइड, १ मिलिग्रॅमची रोजची गोळी, पुरुषांसाठी, १९९७ पासून या कामासाठी मान्य. ही डीएचटीच कमी करते म्हणून कारणावर काम करते. थोड्या पुरुषांना इच्छा कमी होणं किंवा ताठरपणाचा त्रास होतो, काहींचा मूड खाली जातो, हे आधीच उघड बोला, लाजून गप्प बसू नका, आणि त्रास झाला तर डॉक्टरांना लगेच सांगा. आधी डिप्रेशन होऊन गेलं असेल तर ते पण सांगा. प्रोस्टेटची पीएसए टेस्ट या गोळीने जवळपास निम्मी दिसते, वय झालेल्यांनी लक्षात ठेवा. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात सुद्धा लावायचा नाही, पोटातल्या मुलग्याला धोका असतो.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग डोक्यात टोचतात, साधारण महिन्याच्या अंतराने ३ वेळा. काहींना उपयोग होतो, पण करायची पद्धत जागोजागी वेगळी आणि खर्च मोठा. भावाला एका क्लिनिकमध्ये पहिल्याच भेटीत, डोकं नीट न बघता, पीआरपीचं पॅकेज आणि ईएमआयचा कागद पुढे केला. असं झालं तर उठून या.

ट्रान्सप्लांट खरंच काम करतं, कारण डोक्याच्या मागच्या बाजूचे केस डीएचटीला दाद देत नाहीत आणि पुढे लावले तरी तो गुण सोडत नाहीत. पण मागचा साठा मोजकाच आहे, आणि विशीतच कपाळ भरून घेतलं तर त्याच्या मागचे मूळचे केस जातच राहतात आणि मध्ये बेट उरतं, म्हणून आधी औषधाने गळती आटोक्यात आणतात. लावलेले केस २-४ आठवड्यांत गळतात, ३-४ महिन्यांनी उगवतात, पूर्ण रूप यायला वर्ष. कोण करणार हे नाव-डिग्रीसकट विचारा, टेक्निशियन नाही, डॉक्टर. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन अशा प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावं असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये सांगितलंय.

तेलाचं विचाराल तर खोबरेल लावा खुशाल, केसाची काडी तुटत नाही, विंचरताना गुंता कमी होतो, आईच्या हातचं मालिश मला पण प्रिय आहे. पण माका, जास्वंद, कांद्याचा रस यांनी डीएचटीची गळती थांबते असं मानून वर्षं घालवू नका. चकोट केल्यावर केस दाट येतात हे पण खरं नाही, बाळाचं जावळ काढल्यावर केस जाड वाटतात कारण कापलेलं टोक बोथट असतं, मूळ तेच. कोंडा खूप असेल तर किटोकोनॅझोलचा शाम्पू ५ मिनिटं ठेवून धुवा, खाज जाते.

काहीही सुरू करा, त्या दिवशी फोटो काढा, आणि मग दर महिन्याच्या १ तारखेला त्याच ट्यूबलाइटखाली, कोरडे केस, तसाच भांग. आरशात रोज बघून काही कळत नाही, उलट मन खचतं. भावाचे असे १४ फोटो झालेत आता. पहिला आणि चौदावा शेजारी लावले तर कोपरे भरलेले नाहीत, ती २ वर्षं गेली ती गेली, पण रेघ जिथे होती तिथेच आहे आणि शेंडीची जागा दाट दिसतेय.