१०८ सूर्यनमस्कार: खरी गोम साष्टांगात आहे

रथसप्तमी जवळ आली की १०८ नमस्कारांचे संकल्प सुटतात आणि सल्लेही सुरू होतात: "एकदा सुरुवात करा, शरीर आपोआप साथ देतं." देत नाही. ज्याला रोज १२ नमस्कारांचीही सवय नाही त्याने एकदम १०८ घातले, तर पुढचे चार दिवस जिना उतरताना मांड्या ओरडतात आणि महिनाभर तो सतरंजीकडे फिरकत नाही.

तयारीला आठ आठवडे द्या. रोजचे १२ सहज होत असतील तर पहिल्या आठवड्यात २४, मग ३६, असं करत सहाव्या आठवड्यात ८४. सातव्यात आकडा वाढवू नका, तेच ८४ नीट घाला. आठव्यात पुन्हा २४ वर या आणि त्या आठवड्याच्या शेवटी १०८. मोठा आकडा आठवड्यातून दोनदाच, एक दिवस पूर्ण सुट्टी, बाकी दिवशी १२ ते २४. रक्तदाब, हर्निया, मणक्याचा त्रास, गरोदरपण किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नका.

मोजणीसाठी वाटीत नऊ चिंचोके ठेवा. प्रत्येक नमस्काराला सूर्याचं एक नाव घ्या. मित्र, रवी, सूर्य, भानू इथपासून भास्करापर्यंत बारा नावं झाली की एक आवर्तन झालं, एक चिंचोका बाहेर. बारा नवे एकशे आठ. नाव उच्चारल्यामुळे आतली मोजणी वेगळी करावी लागत नाही. एका नमस्कारात आधी उजवा पाय मागे, पुढच्यात डावा. म्हणजे दोन्ही बाजूंना ५४-५४.

उभं राहणं, वाकणं, पाय मागे नेणं सगळ्यांना येतं. घोटाळा होतो तो साष्टांगात.

दोन चवडे, दोन गुडघे, छाती, दोन तळवे आणि कपाळ ही आठ अंगं जमिनीला लागतात. कंबर वर राहते. पोट टेकलं की तो साष्टांग उरत नाही. पहिल्या चाळीसेक नमस्कारांत दंड शरीराचा भार पेलतात, म्हणून चूक दिसत नाही. मग दंड थकतात, कोपरं बाहेर फाकतात आणि धड एकदम खाली आदळतं, तेही पोटाकडून. सगळा भार खांद्याच्या पुढच्या भागावर आणि वाकलेल्या कमरेवर येतो. तसंच हात ताठ करून भुजंगासनात (छाती वर उचलून मागे वाकण्याच्या स्थितीत) गेलं की कंबर एकाच जागी मोडल्यासारखी दुमडते. लोक म्हणतात, भुजंगासनाने कंबर धरली. चूक त्याच्या आधीच्या क्षणाला झालेली असते.

म्हणून उतरणं असं करा. दोन्ही पाय मागे गेले की खांदे मनगटांच्या बरोबर वर, टाचा मागे ताणलेल्या. बोटं पसरा आणि अंगठा व तर्जनीच्या मुळांनी जमीन दाबा. भार तळव्याच्या टाचेकडच्या भागावर राहिला तर पन्नासाव्या नमस्कारापर्यंत मनगट बोलायला लागतं. श्वास सोडायला सुरुवात करा आणि आधी गुडघे टेकवा, आवाज न करता. गुडघ्यांचा धप्प आवाज आला तर तुम्ही उतरला नाहीत, पडलात. मग खांदे दोन-तीन बोटं पुढे नेत, कोपरं बरगड्यांना घासत मागे वळवा आणि छाती दोन तळव्यांच्या मध्ये आणा, तळव्यांच्या मागे नाही. शेवटी कपाळ. कंबर वीतभर वर. श्वास पूर्ण सुटेपर्यंत क्षणभर थांबा. आता श्वास घेत छाती पुढे सरकवा आणि मगच वर उचला. भुजंगासनात कोपरं थोडी वाकलेली असू द्या. हात ताठ करायचा हट्ट इथे कामाचा नाही.

हे उतरणं जमत नसेल तर रोजच्या नमस्कारांनंतर गुडघे टेकून फक्त हेच दहा वेळा करा, चार आकडे मोजत खाली. आखाड्यात जोर काढणाऱ्यांकडे ताकद असते, पण झपाट्याची सवयही असते. त्यांनाही इथे वेग तोडावाच लागतो.

आणखी एक. तळवे जिथे टेकतात तिथे खडूने रेघ मारा. जमिनीवरच्या सगळ्या स्थितींमध्ये हात त्याच जागी राहिले पाहिजेत. घाम आला की ते नकळत पुढे सरकतात, साष्टांग लांबतो आणि खांद्यांवर ताण येतो. रेघ सुटलेली दिसली की पंचाने हात पुसा आणि जागेवर या. गुळगुळीत फरशीवर नुसती सतरंजी नको, ती सरकते.

त्या दिवशी रिकाम्या पोटी सुरुवात करा. एका नमस्काराला साधारण अर्धा मिनिट, बारांना सहा मिनिटं, मध्ये मिनिटभर उभं राहणं. सगळं साधारण तासाभरात होतं. श्वास नाकानेच. तोंड उघडलं की पाच श्वास थांबा.

सहाव्या-सातव्या आवर्तनात मन म्हणतं, लवकर उरकून टाकू. हात-पाय त्याचं ऐकून वेग वाढवतात. "आकडा गाठा, फॉर्म नंतर सुधारेल" हा सल्ला माणसाला नेमका इथेच बिघडवतो. प्रत्येक नाव मोठ्याने, पूर्ण उच्चारा. 'हिरण्यगर्भाय' मध्येच तुटलं तर वेग कमी करा. सलग दोन नमस्कारांत गुडघे आदळले तर एक आवर्तन साष्टांगाशिवाय घाला: पर्वतासनातून (तळवे-पाय जमिनीवर, कंबर उंच) थेट पाय पुढे. तरी सुधारलं नाही तर ७२ वर थांबा. इतकी तयारी करून तिथे थांबणं जिवावर येतं, पण ज्याला ते जमतं त्याचा सराव वर्षानुवर्षं टिकतो.

शेवटी दहा मिनिटं शवासन, मग पाणी.

दुसऱ्या दिवशी दंड, छाती आणि मांड्या सगळीकडे सारख्या दुखल्या तर चिंता नको, दोन-तीन दिवसांत जाईल. पण कमरेत किंवा खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवून दाखवता येईल असं एकाच जागी दुखत असेल, तर साष्टांग कुठेतरी आदळला आहे. दुखणं थांबेपर्यंत नमस्कार बंद. त्यानंतर २४ वरून पुन्हा सुरुवात, आणि उतरण्याचे ते दहा रोज. आठवडाभरात दुखणं गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.