जुना डेस्कटॉप टाकून देण्यापूर्वी: कोणता भाग बदलावा आणि कोणता बदलू नये

२०१३ ते २०१६ या काळात घरांत, दुकानांत आणि लहान कार्यालयांत आलेले पुष्कळसे डेस्कटॉप साधारण एकाच जुळणीचे आहेत: इंटेलचा चौथ्या पिढीतला कोअर आय३ किंवा आय५ प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा (भागांमधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड, म्हणजे सर्व भाग जोडणारा मुख्य फलक, ४ जीबी डीडीआर३ रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि ५०० जीबी किंवा १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. आज असा संगणक सुरू केला की तो कामाला लागेपर्यंत कित्येक मिनिटे जातात, ब्राउझर उघडताना पडदा गोठतो, आणि मालकाची समजूत होते की प्रोसेसरच म्हातारा झाला. ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. पत्रव्यवहार, हिशेब, ऑनलाइन अर्ज, मुलांचा अभ्यास आणि व्हिडिओ पाहणे एवढ्या कामांसाठी तो प्रोसेसर अजूनही पुरेसा आहे. काम रखडते ते हार्ड डिस्कपाशी आणि अपुऱ्या रॅमपाशी. म्हणून पैसा तेथेच खर्च करावा, आणि तोही ठरावीक क्रमाने.

प्रथम संगणक नेमका कोठे अडतो ते पाहावे. विंडोज १० मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबल्यावर टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स हा भाग उघडा ठेवून नेहमीची कामे करावीत. डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांना चिकटून राहत असेल, तर अडथळा हार्ड डिस्कचा आहे. मेमरी ८५ टक्क्यांच्या पुढे गेलेली असेल, तर रॅम कमी पडते. आणि हे दोन्ही आकडे कमी असताना प्रोसेसर मात्र सतत १०० टक्क्यांवर असेल, तरच प्रोसेसरचा विचार करावा. याच ठिकाणी मेमरीच्या पानावर रॅमचे किती स्लॉट आहेत आणि त्यांपैकी किती भरलेले आहेत हेही दिसते. मदरबोर्डचे नेमके मॉडेल सीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममध्ये पाहून कागदावर लिहून ठेवावे, कारण दुकानात त्याची गरज पडणार आहे.

कोणताही भाग विकत घेण्याआधी महत्त्वाच्या सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. दहा वर्षे फिरलेल्या हार्ड डिस्कवर विश्वास ठेवणे धोक्याचे आहे, आणि नेमकी मोठी नक्कल चालू असतानाच ती बंद पडू शकते. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने त्या डिस्कच्या प्रकृतीचा अहवाल मिळतो. त्यात सावधानतेचा पिवळा इशारा दिसला, तर छायाचित्रे आणि कागदपत्रे त्याच दिवशी हलवावीत.

त्यानंतर साफसफाई. वीजपुरवठ्याची वायर काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला भार निघून जातो. कॅबिनेटच्या धातूच्या भागाला हात लावल्यावरच आतल्या भागांना स्पर्श करावा. धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर तो अतिवेगाने फिरून खराब होऊ शकतो. प्रोसेसरचे तापमान साध्या कामातही ८५ अंश सेल्सिअसच्या वर राहत असेल, तर वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी आणि कूलरचे चारही खुंट मदरबोर्डमध्ये पूर्ण बसले आहेत ना, हे मागच्या बाजूने तपासावे. एक खुंट सैल राहिला तरी नव्या पेस्टचा उपयोग होत नाही.

आता मुख्य बदल, म्हणजे एसएसडी: फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणारी डिस्क. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा डिस्क वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो आणि ते टोक योग्य ठिकाणी सरकण्याचा वेळ त्यात आणखी मिळतो. त्यामुळे विखुरलेल्या लहान फायली वाचताना ती सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचने करू शकते. विंडोज सुरू होताना मात्र अशा हजारो लहान फायली मागते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे हीच वाचने सेकंदाला हजारोंनी होतात, आणि म्हणूनच तोच प्रोसेसर आणि तीच रॅम असताना संगणक एकदम तरतरीत वाटू लागतो. केवळ एकाच भागापुरते पैसे हाताशी असतील, तर तो भाग हाच घ्यावा.

या जुन्या मदरबोर्डसाठी २.५ इंची साटा (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडली जाणारी) एसएसडी घ्यावी. दुकानात एम.२ आकाराची, थेट मदरबोर्डच्या खाचेत बसणारी एनव्हीएमई एसएसडी कधी कधी त्याच किमतीला मिळते, पण एच८१ बोर्डावर तिच्यासाठी सहसा जागा नसते, आणि अ‍ॅडॅप्टर लावून जोडली तरी बहुतेक जुने बायोस (संगणक सुरू करणारे मदरबोर्डवरील प्रोग्राम) तिच्यावरून विंडोज सुरू करू शकत नाहीत. एच८१ वर साटाची दोन पोर्टे सेकंदाला ६ गिगाबिटची आणि दोन ३ गिगाबिटची असतात. एसएसडीची केबल ६ गिगाबिटच्या पोर्टात लावावी. त्याआधीच्या एच६१ चिपसेटमध्ये फक्त ३ गिगाबिटची सोय आहे, तरीही तेथे एसएसडी लावणे फायद्याचेच ठरते, कारण खरा लाभ सलग वेगाचा नसून लहान वाचनांचा आहे. साध्या वापरासाठी २५० जीबीच्या आसपासची क्षमता पुरते. छायाचित्रे आणि व्हिडिओ जुन्या डिस्कवर राहू शकतात. एसएसडी लवकर झिजते ही भीती घरगुती वापरात निराधार आहे. समजा, खोक्यावर ८० टीबीडब्ल्यू (म्हणजे एकूण ८० टेराबाइट लिहिण्याची मर्यादा) असे लिहिले आहे आणि रोज २० जीबी मजकूर लिहिला जातो; तर ती मर्यादा गाठायला सुमारे ४,००० दिवस, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे लागतील. मात्र अनोळखी नावाची, अविश्वसनीय स्वस्त आणि प्रचंड क्षमतेची एसएसडी ऑनलाइन दिसली तर ती घेऊ नये. अशा मालात लिहिलेली क्षमता प्रत्यक्षात नसण्याची शक्यता मोठी असते.

जुनी विंडोज क्लोनझिलासारख्या प्रोग्रामने जशीच्या तशी उचलून नेता येते, परंतु वर्षानुवर्षांचा गाळ नव्या डिस्कवर नेण्यापेक्षा नव्याने स्थापना करावी, असे माझे मत आहे. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर स्थापनेची प्रत तयार करावी, बायोसमध्ये साटाची पद्धत एएचसीआय आहे याची खात्री करावी, आणि स्थापना चालू असताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवावी. हा शेवटचा मुद्दा पुष्कळ जण विसरतात. दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील, तर विंडोजचा प्रारंभीचा भाग कधी कधी जुन्या डिस्कवरच जाऊन बसतो, आणि पुढे ती डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही. विंडोज १० चा डिजिटल परवाना प्रामुख्याने मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलल्यावर तो सहसा आपोआप ओळखला जातो.

दुसरा क्रम रॅमचा. एच८१ वर दोन स्लॉट आणि कमाल १६ जीबी अशी मर्यादा आहे. ८ जीबी हे आजचे किमान मानावे. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, कारण दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळे असते, तेव्हा जोर लावून पाहू नये. ८ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ४ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्यास मेमरी दोन मार्गांनी वाचली जाते आणि प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सला त्याचा फायदा होतो. लॅमिंग्टन रोड किंवा नेहरू प्लेससारख्या बाजारात जुन्या पट्ट्या सहज मिळतात, पण फक्त एएमडीच्या बोर्डावर चालणाऱ्या स्वस्त डीडीआर३ पट्ट्याही तेथे आणि ऑनलाइन विकल्या जातात. इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत, म्हणून बिलावर बदलून देण्याची अट लिहून घ्यावी. ३२ बिटची विंडोज असेल, तर ४ जीबीपुढची रॅम वाया जाते. तेथे ६४ बिटची आवृत्तीच स्थापित करावी लागते. कोकणासारख्या दमट भागात नवी पट्टी लावूनही संगणक सुरू न होता नुसता बीप वाजवत राहिला, तर पट्टीचे सोनेरी टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा घट्ट बसवून पाहावे.

तारीख आणि वेळ वारंवार मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी बदलावी. एसएमपीएसकडे, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, अधिक गंभीरपणे पाहिले पाहिजे. वीज वारंवार ये-जा करणाऱ्या गावांत तोच भाग आधी थकतो, आणि जाताना कधी कधी मदरबोर्डही घेऊन जातो. संगणक कारणाविना बंद पडत असेल किंवा एसएमपीएसमधून जळका वास येत असेल, तर इतर सर्व खर्च थांबवून आधी चांगल्या कंपनीचा एसएमपीएस घ्यावा. तो उघडून दुरुस्त करण्याचा प्रयत्न घरी करू नये. त्यातील कपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही धोकादायक भार राहतो.

प्रोसेसर बदलणे क्वचितच परवडते. आय३ च्या जागी त्याच पिढीचा वापरलेला आय५ स्वस्तात मिळाला आणि मदरबोर्डच्या कंपनीच्या यादीत त्याचे नाव असले, तरच विचार करावा. ग्राफिक्स कार्ड खेळांसाठी किंवा व्हिडिओ संपादनासाठीच लागते, आणि वेगळी वीजजोडणी न मागणारे, ७५ वॅटच्या आतले कार्ड निवडावे.

यानंतर प्रश्न उरतो विंडोजचा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या सुधारणा मिळवता येतात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ही यंत्रे अधिकृतपणे पात्र नाहीत. आडमार्गाने विंडोज ११ त्यांवर बसवता येते, पण पुढच्या सुधारणा मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून बँकेचे आणि कराचे काम होणाऱ्या संगणकावर तो मार्ग मी सुचवणार नाही. ज्यांचे काम ब्राउझर आणि लिब्रेऑफिसमध्ये भागते त्यांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली वापरावी. ती पेन ड्राइव्हवरून आधी चालवून वाय-फाय, प्रिंटर आणि मराठी टंकन तपासता येते. मात्र टॅलीवर हिशेब ठेवणारे दुकान किंवा श्रीलिपीत मजकूर जुळवणारा छापखाना यांना विंडोज सोडणे कठीण आहे. त्यांनी या यंत्रावर फारसा खर्च न करता बाजारातला वापरलेला, आठव्या पिढीचा कार्यालयीन डेस्कटॉप पाहावा आणि घेतलेली एसएसडी त्यात हलवावी. कोअर २ ड्युओच्या काळातील यंत्रावरही नवीन भागांचा खर्च करू नये.

निघालेली हार्ड डिस्क प्रकृतीने चांगली असेल, तर कॅबिनेटमध्येच दुसरी डिस्क म्हणून ठेवावी. ती भंगारात द्यायची असेल, तर फायली केवळ डिलीट न करता संपूर्ण डिस्क पुसणारा प्रोग्राम चालवावा, आणि मगच ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्यावी.