तुकोबांच्या अभंगातील आशय आणि शैली कशी अभ्यासावी

तुकोबांच्या अभ्यासाची सुरुवात बहुधा चरित्रापासून केली जाते. देहू, इंद्रायणी, दुष्काळ, बुडवलेली गाथा हे सारे आधीच मनात ठसलेले असते आणि मग अभंग केवळ त्या कथेचा पुरावा म्हणून वाचला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा करावा. गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. ते सारे एकदम हाती घेण्याऐवजी प्रथम एकच अभंग निवडावा आणि त्याच्यासोबत तीन-चार दिवस राहावे.

निवडलेला अभंग आधी मोठ्याने म्हणावा व त्याची अक्षरे मोजावीत. अभंग हा अक्षरसंख्येवर चालणारा छंद आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब येथे लागत नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण येतात आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटी जुळते. ‘आनंदाचे डोहीं आनंदतरंग । आनंदचि अंग आनंदाचें’ ही ओळ बोटांवर मोजून पाहिली, तर ‘तरंग’ आणि ‘अंग’ यांचे यमक आणि शेवटच्या चार अक्षरांत येणारा विसावा कानाला आपोआप जाणवतो. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे चरण असतात व यमक त्यांच्या शेवटी येते. ‘जे कां रंजले गांजले। त्यासि म्हणे जो आपुले’ हे त्याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण होय. हा साचा कानात बसला म्हणजे तो कोठे मोडतो हेही कळू लागते, आणि शैलीचा खरा अभ्यास बहुधा तेथूनच सुरू होतो.

यासाठी मी नेहमी पुढील अभंग सुचवतो:

कन्या सासुर्‍यासि जाये । मागें परतोनि पाहे ॥
तैसें जालें माझ्या जिवा । केव्हां भेटसी केशवा ॥
चुकलिया माये । बाळ हुरुहुरू पाहे ॥
जीवनावेगळी मासोळी । तैसा तुका तळमळी ॥

पहिले चार चरण आठ अक्षरांचे आहेत. ‘चुकलिया माये’ येथे मात्र सहाच अक्षरे येतात. म्हणताना तेथे पाऊल अडखळते आणि आई हरवल्याची पोकळी लयीतच उमटते. हे कवीने हेतुपूर्वक केले असे सिद्ध करता येत नाही, आणि तसा दावा करूही नये. परंतु वाचताना काय घडते त्याची नोंद अवश्य करावी. त्यानंतर क्रियापदे पाहावीत. कन्या ‘पाहे’, बाळही ‘पाहे’, पण मासोळीला पाहणे उरलेले नाही. सासरी निघालेल्या मुलीला माहेर परत दिसण्याची आशा असते, चुकलेल्या बाळाला आई सापडू शकते, पाण्याबाहेरच्या मासोळीपाशी मात्र क्षणांचाच अवधी असतो. ‘जीवन’ या शब्दाचा जुना अर्थ पाणी हा आहे, हे ठाऊक नसेल तर या ओळीचा अर्धा जीव निसटतो. म्हणूनच ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांसाठीसुद्धा जुन्या मराठीचा कोश जवळ ठेवावा.

सर्वांत महत्त्वाची आहे ती नाममुद्रा. गाथेत बहुतेक ठिकाणी ‘तुका म्हणे’ असे येते, आणि विद्यार्थी ती शिक्क्यासारखी ओलांडून पुढे जातात. येथे तुका काही म्हणत नाही, तो तळमळतो. बोलण्याच्या क्रियापदाची जागा वेदनेच्या क्रियापदाने घेतली आहे, आणि विरह हा आशय ‘विरह’ हा शब्द न उच्चारता पूर्ण झाला आहे. आशय आणि शैली यांवर दोन वेगळी प्रकरणे लिहिण्याची सवय सोडावी असे मी म्हणतो ते यासाठीच.

एक अभंग असा आतून वाचून झाला की त्यातून एखादे सूत्र धरून इतर अभंगांकडे जावे. ‘भक्ती’ किंवा ‘वैराग्य’ असा व्यापक विषय घेतल्यास टिपणे फुगतात आणि हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एखादा ठोस शब्दसमूह घ्यावा, उदाहरणार्थ पैशाचा आणि व्यापाराचा. तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसाय होता, आणि १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तो बुडाला. ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ या ओळीत ‘बरें’ आणि ‘दिवाळें’ शेजारी ठेवल्याने जो धक्का बसतो, तो मनात धरूनच ‘आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें’ हा अभंग वाचावा. तेथे पुढे ‘शब्दें वाटूं धन जनलोकां’ असे येते. क्रियापद विकण्याचे नाही, वाटण्याचे आहे. दुकानदाराच्या भाषेतला माल आणि व्यवहार दोन्ही पालटले आहेत. चरित्र आता उपयोगी पडते, कारण आपण शब्दांवरून त्याच्याकडे आलो आहोत. मात्र या दोन अभंगांपैकी आधी कोणता रचला गेला, यावर काहीही उभारू नये. गाथेतील क्रम हा रचनेचा कालक्रम नव्हे.

पाठाबाबतही सावध असावे. मुंबई सरकारच्या २४,००० रुपयांच्या साहाय्याने १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघालेली गाथा हा पुढील अनेक आवृत्त्यांचा आधार ठरली, तरी हस्तलिखितांत आणि आवृत्त्यांत पाठभेद आहेत व अभंगांचे क्रमांकही जुळत नाहीत. म्हणून टिपणात क्रमांकासोबत अभंगाची पहिली ओळ आणि वापरलेली आवृत्ती लिहावी. अक्षरसंख्येवर मुद्दा उभा करायचा असेल, तर दुसरी एक आवृत्ती उघडून तो चरण पडताळावा, कारण ‘सासुर्‍यासि’ आणि ‘सासुऱ्याशीं’ यांतील फरक अर्थाला फारसा बाधत नसला, तरी एखाद्या प्रतीत वाढलेले एक अक्षर आपले सारे विवेचन कोसळवू शकते.